शिळ्या पेपरातला समुद्र

दादा,

तू गेल्याची तार मला सकाळी मिळाली आणि तुला ताप आल्याचं कार्ड दुपारी. तार वाचून मी रजेचा अर्ज दिला, पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघत शाळेच्या पायरीवर बसले होते, तेवढ्यात पोस्टमन पुन्हा आला. तुझंच अक्षर. ‘जरा ताप आहे. काळजीचं कारण नाही. पोरींच्या परीक्षा सोडून येऊ नको.’ सकाळी तू मेलेला होतास आणि दुपारी तू नुसता आजारी होतास. मला वाटलं, अजून थोडं बसून राहिलं तर आणखी एक कार्ड येईल, त्यात तू बरा होऊन शेतात गेलेला असशील. त्याच्याही आधीचं एखादं येईल, त्यात आपण दोघं भांडत असू. समोर समुद्र होता, ओहोटीचा, पार लांब गेलेला. खरं सांगते, त्या पायरीवर मला हे सगळं पटलं होतं. जे शेवटी हातात आलं तेच खरं, असं आपलं अख्खं गाव मानत आलं आणि त्यावरून मी तुझ्याशी आयुष्यभर भांडले. त्या दुपारी मी गावासारखीच वागले.

तुझं शिक्षण, शेती, मुलंबाळं हे मी लिहिणार नाही. ते खामगावच्या साप्ताहिकानं छापलंय, तीन ओळींत, आणि नाव चुकवलंय. श्रीरामचं श्रीधर केलं. वर तुला ‘परिसरातील प्रभावी वक्ते’ म्हटलंय. ते वाचून मला रडता रडता हसू आलं. चारचौघांत तू स्वतःचं एक वाक्य कधी बोलला नाहीस. तू फक्त वाचायचास.

तुझं वाचन काय होतं हे तिकडे कोकणात मला कुणाला समजावता आलं नाही. पंचायतीच्या वाचनालयापुढे दिवाबत्तीला गॅसबत्ती टांगलेली, तू लोखंडी खुर्चीवर, माणसं खाली पोत्यांवर, बाया समोरच्या ओट्यावर. तू पेपर उघडायचास आणि पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून निघायचास. मंत्र्यांचं भाषण, कापसाचे भाव, साबणाची जाहिरात, घर सोडून गेलेल्या कुणा मुलाचं वर्णन, सगळं एकाच आवाजात. तो आवाज चढायचा नाही, उतरायचा नाही, मधे थांबायचा नाही. तुझ्या आधी शाळेतले एक मास्तर वाचून दाखवत. ते आपल्याला पटेल तेवढंच वाचतात असा गावाला संशय आला आणि माणसं येईनाशी झाली. म्हणून तू खुर्चीवर बसलास तो ठरवूनच बसलास. एक ओळ गाळायची नाही, एक ओळ पदरची घालायची नाही, आणि जो पेपर आधी येईल तो आधी वाचायचा.

नागपूरचा पेपर एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती त्याच दिवशी यायचा. मुंबईचा टपालानं यायचा, दोन-तीन दिवस उशिरा. खामगावचं साप्ताहिक त्याला वाटेल तेव्हा. तू तारीख वाचत नव्हतास. तारीख वर पेपरच्या नावाशेजारी नक्षीत बसलेली, आणि तुझ्या लेखी ती बातमी नव्हती. गावाला वाटायचं, तू वाचतोस ते आज घडलंय.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्याची गोष्ट. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकायची मला सवय नाही. आपल्या घराण्यात सही करणारा पहिला तू, पदवी घेणारी पहिली मी. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. शाळेच्या भिंतीवर नवा नकाशा लागला होता, वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी आपण आणि डाव्या कडेनं निळी पट्टी. ती पट्टीही आता आपलीच आहे असं मास्तर म्हणत. तू एकदा नकाशावर हात ठेवून बघितलास. अंगठा आपल्या गावावर, करंगळी समुद्रात. ‘इतभरच तं हाये वं,’ म्हणालास. त्याच इतभर अंतरावरच्या एका मुलींच्या शाळेनं मला नोकरी देऊ केली होती. समुद्राकाठचं गाव. बाबा आधी हो म्हणाले होते. माय मी लहान असतानाच गेली, तू चुलत घरातला, आमच्या घरात बाबा आणि मी दोघंच. तरी हो म्हणाले. माझी वळकटी बांधायची दोरीसुद्धा त्यांनी आणून ठेवली होती.

आणि त्याच आठवड्यात समुद्र आला.

पहिल्यांदा तो नागपूरच्या पेपरात आला, आतल्या पानावर, चार ओळींत. ध्रुवाकडचा बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढेल आणि किनारे बुडतील या वृत्तात घाबरण्यासारखं काही नाही, हे फार सावकाश होतं, असं तज्ज्ञांचं म्हणणं. तू ते वाचलंस आणि पुढे सरकीच्या भावाकडे गेलास. पण गाव तिथेच थांबलं. कोणतं वृत्त? इथं कुणी काही म्हटलंच नव्हतं. तुळशीराम न्हावी पुढे सरसावून बसले आणि म्हणाले, “न इचारता जो ‘घाबरू नका’ म्हणते, त्याच्यापासून जरा दूरच बसाव.” माणसं हसली, पण घरी जाताना गप्प होती.

दोन दिवसांनी मुंबईचा पेपर आला. आधीच्या तारखेचा. त्यात तीच बातमी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, सोबत चित्र: इमारतींच्या गच्चीशी लागलेली जहाजं. किनाऱ्यावरची शहरं पाण्याखाली जाणार, म्हणे. नागपूरनं ज्याला उत्तर दिलं होतं ते हे होतं. पण गावानं उत्तर आधी ऐकलं होतं आणि प्रश्न नंतर. गावाचा हिशेब सरळ होता: आधी दाबलं, मग खरं बाहेर पडलं. पंचायतीच्या रेडिओनं तर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि त्यामुळे उरलेल्यांची खात्री पटली. एवढं मोठं आहे म्हणून तर सांगत नाहीत.

मग साप्ताहिक आलं. त्याच्या संपादकानं आपल्यासारखाच समुद्र बघितलेला नसावा. पण त्यानं लिहिलं होतं मात्र असं की मी अजून विसरले नाही. आपला खारपाणपट्टा म्हणजे जुन्या समुद्राचाच तळ आहे, पूर्णेकाठच्या विहिरींचं पाणी उगाच खारट नाही. तो खाली झोपलेला आहे, आणि किनाऱ्यावरचा जागा झाला की हाही कूस बदलेल. दादा, ते खोटं होतं. पण तू ते तुझ्या त्या सपाट आवाजात वाचत होतास, आणि मला ओट्यावर बसल्या बसल्या जमिनीखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं होतं. त्या उन्हाळ्यात दुपारी शिवाराकडे पाहिलं की काळ्या रानावर ऊन लहरत असायचं, लांबची बाभळीची झाडं मुळापासून सुटून तरंगायची. मृगजळ आम्हाला जन्मापासून ठाऊक. त्या आठवड्यात मात्र कुणी त्याच्याकडे बेफिकिरीनं बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गावानं आपापल्या विहिरी चाखायला सुरुवात केली. दुसरीकडच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना आपलं पाणी माहीत नाही. गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या बाजूला गोडं पाणी. दक्षिणेला, पूर्णेच्या बाजूला खारं. आणि आमचा मळा अगदी मधोमध. बाबांची वांगी, मिरच्या आणि तिकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार, सगळं त्या एका गोड्या विहिरीवर उभं. दक्षिणेची माणसं एकदम जाणकार झाली. त्यांना कुणी विचारलं की ते घोट तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि म्हणत, वाढून राह्यलं. बाबा रोज सकाळी बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि मला बोलवायचे.

“खारट लागते का?”

“नाही बाबा, रोजच्यासारखंच आहे.”

“तुही जीभ आता कॉलेजची झाली. तुले काय समजते.”

पाण्याचं झालं की ते मुद्द्यावर यायचे. तिकडे किनारा बुडणार असेल तर एकट्या पोरीला तिकडे पाठवायची कशी? लोक काय म्हणतील, लग्न कधी, परमुलखात आजारी पडलीस तर, हे सगळे प्रश्न त्या समुद्राच्या पोटात होते, हे मला कळत होतं. पण बाबांनी ते कधी उघड विचारले नाहीत. त्यांनी समुद्र पुढे केला. समुद्र छापून आला होता.

मी तुझ्याकडे आले. तू वाचनालयाच्या दारात गॅसबत्तीची काच पुसत होतास. मी म्हटलं, तू सगळं उलटं वाचलंस. मुंबईचा पेपर आधीचा आहे, नागपूरचा नंतरचा. लोकांना निदान तारीख तरी सांग.

तू काच उजेडाकडे धरून बघत राहिलास. म्हणालास, “मी उलटं नाही वाचलं. जसे आले तसे वाचले. तारीख सांगतली तं म्हणतीन, हा पेपर शिळा हाये, काऊन वाचतं? मुंबईचा पेपर आपल्याकडे ताजा कधी आला, सांग बरं?”

“मग बाबांना तरी सांग.”

“एकाले सांगतलं तं साऱ्याइले सांगा लागते. मी वाचणारा हाओ, कुसुम. सांगणारा नाही.”

त्याच संध्याकाळी बाबांनी तुला सगळ्यांदेखत विचारलं, की श्रीराम, तू इतकं वाचतं, तूच सांग, पाणी येईन का? आणि तू म्हणालास, पेपरात जे होतं ते वाचलं, काका. एवढंच. ओट्यावर बसून मी ते ऐकलं आणि मला तुझा इतका राग आला की आता, तुझ्या तेरवीनंतर लिहितानाही तो संपलेला नाही. तुझ्या एका शब्दावर गाव विश्वास ठेवायचं. तो शब्द खर्च करायला तू तयार नव्हतास, मी कितीही तुझी लाडकी असले तरी.

मी ओट्यावरून उतरले. माणसांमधून वाट काढत तुझ्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, आज मी वाचते.  बायकांच्या बाजूनं बांगड्यांचा आवाज थांबला. आणि तू, दादा, उठलास. बत्तीला पंप मारून उजेड वाढवलास आणि खाली पोत्यावर, बाबांच्या शेजारी, जाऊन बसलास. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, कारण मी चिडलेली होते.

मी मुंबईचा पेपर वाचला, आधी तारीख सांगून. मग नागपूरचा, तारीख सांगून. साप्ताहिक उचललं आणि म्हटलं, हे घरी बसून लिहिलंय. माझा आवाज तुझ्यासारखा नव्हता, चढत होता, थरथरत होता. वाचून झाल्यावर तुळशीराम न्हावी म्हणाले, “म्हंजे समुद्र आधी आला अन मंग गेला. आमच्याकडे आधी गेला अन मंग आला. बरं झालं बापा, समजलं.” त्या हसण्यात गावाची भीती निम्मी उतरली. दक्षिणेकडचे जाणकार तेवढे नाराज झाले.

बाबांना पटलं का? नाही. पण बारा गल्ल्यांच्या माणसांपुढे आपली पोरगी उभी राहून वाचते, हे त्यांनी बघितलं होतं. सकाळी त्यांनी मळ्यात मला सांगितलं, जा. पण एक अट. “तिथं पाणी वाढून राह्यलं असं समजलं, की त्याच दिवशी वापस. मंग मी काहीच आयकणार नाही.” मी हो म्हटलं. कळणार कसं, तर माझ्या पत्रातून. आणि पत्र वाचणार कोण, तर तू.

आता ते पहिलं वर्ष, ज्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही.

दादा, मला तिथं राहवत नव्हतं. माझी बोली ऐकून मुली तोंडावर हात ठेवायच्या, बाकीच्या शिक्षिका मला ‘तिकडची’ म्हणायच्या. भात गिळवत नव्हता, भाकरीला ज्वारी मिळत नव्हती. शाळेच्या मागच्या खोलीत मी निजायचे आणि भिंतीपलीकडे तो सारखा वाचत असायचा. होय, वाचत. समुद्राचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तूच आठवलास. चढत नाही, उतरत नाही, थांबत नाही. डोळा लागता लागता मला वाटायचं, तू बाहेर अंधारात खुर्चीवर बसलायस आणि त्या सगळ्या पाण्याला कापसाचे भाव वाचून दाखवतोयस, आणि पाणी मान हलवत पुढे सरकतंय.

मला घरी यायचं होतं. पण साऱ्या गावासमोर पेपर वाचून गेलेली पोरगी ‘मला करमत नाही’ म्हणून परत कशी येणार? पहिली पदवीधर. मला माझ्या मानेचा ताठा सोडवेना. मग मी पत्रात समुद्र लिहायला लागले. पावसाळ्यात उधाण आलं, पाणी कोळ्यांच्या वाडीत शिरलं, हे खरंच घडलं होतं; मी ते जसं घडलं त्याहून थोडं जवळ आणलं. पाणी शाळेच्या पायरीला लागलं असं लिहिलं. आवाजानं झोप येत नाही असं लिहिलं. मुंबईच्या पेपरनं जे चित्र काढलं होतं तेच मी शाईनं काढत होते. मला एकच हवं होतं. तू ते तुझ्या सपाट आवाजात, एकही ओळ न गाळता वाचावंस आणि बाबांनी अट आठवून मला बोलावून घ्यावं. मान माझी राहील, हुकूम त्यांचा असेल.

हुकूम आला नाही. दर महिन्याला तुझ्या अक्षरात बाबांचं उत्तर यायचं: वांगी बरी आहेत, तब्येत जप, मुलींना नीट शिकव. पाण्याबद्दल एक शब्द नाही. पुढच्या पत्रात मी समुद्र आणखी वाढवायचे, पुढचं उत्तर तसंच शांत. मला वाटलं, बाबांनी सगळं ऐकलं आणि त्यांना काही वाटलं नाही. गावापुढे माझं कौतुक झालं, आता मी बुडाले काय आणि राहिले काय. ते मनात इतकं खोल बसलं की मी सुट्टीत आले तरी बाबांशी तुटक बोलायचे. त्यांना वाटायचं, शिकलेली पोरगी, दूर गेली. आणि या रागाच्या ताठ्यावरच मी तिथं टिकले. एक वर्ष, मग दुसरं. मुलींना माझी बोली आवडायला लागली, त्या मला मुद्दाम ‘काऊन’ म्हणायला लावायच्या. कधीतरी मला ते गाव आवडायला लागलं. पुढे मी समुद्र लिहिला तो आहे तसाच लिहिला, वाढला तेव्हा वाढला म्हणून आणि ओसरला तेव्हा ओसरला म्हणून.

दुष्काळाच्या वर्षी मी आले होते ते आठवतं? विहिरी तळाला गेल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती. तू तरीही वाचत होतास. सकाळी आपण दोघं कोरड्या नाल्यात बसलो होतो आणि तू मला तुझं स्वप्न सांगितलंस. समुद्र येतो, पण आवाज न करता. पूर्णेकडून ज्वारीच्या ताटांमधून येतो, ताटं भिजत नाहीत. वाचनालयापाशी येतो, माणसांच्या मांडीपर्यंत चढतो, कुणी उठत नाही. तू वाचत राहतोस आणि पाणीही बसून ऐकतं. ‘समुद्राले आवाज असते का वं?’ तू विचारलंस. मी म्हटलं, असतो, तुझ्यासारखा. तू विश्वास ठेवला नाहीस. मी म्हटलं, मग ये एकदा बघायला. येतो म्हणालास. पेपर कोण वाचेल, हा तुझा प्रश्न होता.

आणि मी तेव्हाही तुला टोमणा मारला. म्हटलं, तुला काय, माझी पत्रंसुद्धा तू साबणाच्या जाहिरातीसारखीच वाचत असशील.  वाळूत बोटानं रेघा ओढत राहिलास. मला वाटलं, लागलं तुला.

परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर मी आणि बाबा मळ्यात बसलो होतो. बाबा आता थकलेत, नजर कमी झालीय, पण मिरचीच्या रोपाजवळ बसले की हात आपोआप तण काढतो. ते म्हणाले, तिकडचा समुद्र तसा गरीबच म्हणायचा. इतक्या वर्षांत कधी गावात शिरला नाही.

मी म्हटलं, “कोण म्हणालं, शिरला नाही?”

“तुह्या कोन्त्याच पत्रात नव्हतं.”

दादा, मला कळायला वेळ लागला. मी पदवीधर, पण मला त्या बांधावर बसून एकेक पत्र आठवावं लागलं. पहिल्या वर्षाचं उधाण. पायरीला लागलेलं पाणी. तू साबणाची जाहिरात गाळली नाहीस, मंत्र्याचं भाषण गाळलं नाहीस, स्वतःच्या काकांनी भर सभेत विचारलं तरी स्वतःचा एक शब्द घातला नाहीस. आणि माझ्या पत्रातला समुद्र तू गाळलास. सगळा. वर्षानुवर्षं.

 बाबांनी तण बाजूला ठेवलं.

“नव्हतं म्हंजे त्यानं वाचलं नाही,” ते म्हणाले. “मी का बयरा हाओ? पेपर वाचे तं रेल्वेसारखा. तुहं पत्र वाचता वाचता मधातच थांबे. खोकले. पानी मागे. अन मंग एकदम म्हणे, ‘मुली अभ्यासात हुशार आहेत.’ पाण्यात काय अन पोरी हुशार काय, याचा मेळ लागते का?”

“मग तुम्ही त्याला विचारलं का नाही?”

“इचारलं असतं तं त्यानं वाचलं असतं. तो खोटं नाही बोलला असता. अन वाचलं असतं तं मले तुले बोलवा लागलं असतं. तसं ठरलं होतं ना आपलं.” मग त्यांनी विचारलं, “बोलावलं असतं तं आली असती का?”

“हो,” मी म्हटलं. “पहिल्या वर्षी धावत आले असते.”

बाबांनी मान हलवली. जणू कुणीतरी त्यांना हे फार पूर्वीच सांगितलं होतं. तू सांगितलं होतंस का, दादा? मला नाही वाटत. तुम्ही दोघं आमच्या घरच्या ओट्यावर समोरासमोर बसायचात, एक न वाचता आणि दुसरा न विचारता, आणि तुमच्यामध्ये तो माझा वाढवलेला समुद्र पडलेला असायचा. मी मात्र तिकडे तुम्हा दोघांवर रुसून बसलेली. माझं घर, माझ्या शाळेतल्या मुली, माझा हा सगळा जन्म त्या तुमच्या दोघांच्या गप्प बसण्यावर उभा आहे, हे मला आता कळलं, तूही नसताना.

तू मला ओळखलं होतंस, हे सगळ्यात जड जातंय. पत्रातलं पाणी किती खरं आणि किती माझं, हे तुला पहिल्याच पत्रात कळलं असणार. रोज चार ठिकाणच्या बातम्या वाचणारा माणूस, तुला कोण कशासाठी आवाज वाढवतं हे कळणार नाही? तू कुणाजवळ बोलला नाहीस. मलाही नाही. मी टोमणे मारत राहिले आणि तू वाळूत रेघा ओढत राहिलास.

तरी एक सांगते. त्या संध्याकाळी तू बाबांना तारीख सांगायला हवी होतीस. यावर मी अजूनही माझ्या जागी आहे. तू माझ्यासाठी गाळू शकत होतास तर सांगूही शकत होतास. यावर तुझं उत्तर काय असतं, हे मला ऐकायचं होतं आणि आता ते कधीच ऐकायला मिळणार नाही. तू म्हणाला असतास, गाळणं एकट्यासमोर होतं, सांगणं गावासमोर. मग मी काहीतरी म्हटलं असतं. मग तू. असंच ऊन उतरेपर्यंत चाललं असतं आपलं.

वाचनालयात आता खुर्ची रिकामी आहे. पेपर येतात, ज्यांना येतं ते स्वतः वाचतात, शिकलेल्या पोरांची संख्या वाढलीय. मुंबईचा पेपर आता लवकर येतो म्हणे. संध्याकाळी मी तिथून गेले तर तुळशीराम न्हावी पायरीवर एकटेच बसले होते. मला म्हणाले, रेडिओ लावतात ना पोरं, पण तो बापा ऐकणाऱ्याकडे पाहून बोलत नाही. मला कळलं त्यांना काय म्हणायचं होतं. तूही पेपरातून डोळे वर काढत नव्हतास, पण ती बातमी कुणाच्या कानावर पडते आहे हे तुला नेहमी ठाऊक असायचं.

मळ्यातून उठायच्या आधी बाबांनी मला विचारलं, “आता तूच सांग. यंदा काय झालं तिकडे?”

 बाबांचं वय झालंय. त्यांची अट त्यांनी मोडलेली नाही, फक्त पाण्याची बातमी कधी ऐकली नव्हती. खरं ऐकून ते आता म्हणू शकत होते, पुरे झालं, घरी ये. आणि मला आता यायचं नाही, दादा. तू असतास तर खोकला असतास, पाणी मागितलं असतंस.

मी सांगितलं. यंदाच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी शाळेच्या आवारात आलं, खालच्या वर्गाची भिंत खचली, नारळाची जुनी झाडं मुळासकट गेली. कोळ्यांची वाडी मागे सरकवावी लागली. म्हातारी माणसं म्हणतात की त्यांच्या लहानपणी किनारा इथं नव्हता, पुढे होता. मुलींना आम्ही वरच्या देवळात बसवून शिकवलं. मी एकही ओळ गाळली नाही, एकही वाढवली नाही, आणि मधे एकदाही थांबले नाही.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग धोतराला लागलेली माती झटकली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले,

“उद्या सकायची यष्टी कितीची हाये तुही?”